हिरव्या स्टिकरच्या अलीकडे

माझा भाचा ११ वर्षं ४ महिन्यांचा आहे. वरचे ४ महिने तो कधीच गाळत नाही, कारण त्याला १२ ची घाई झाली आहे. तो जर्मनीत वाढतोय. तिथे प्रत्येक डीव्हीडीवर, प्रत्येक पोस्टरवर एक रंगीत चौकोन असतो: पांढरा म्हणजे सगळ्यांसाठी, पिवळा म्हणजे ६ वर्षांपासून पुढे, हिरवा १२, निळा १६ आणि लाल १८. तो सध्या पिवळ्यात आहे. त्याच्या वर्गातली निम्मी मुलं हिरव्यात गेली आहेत, आणि मधल्या सुट्टीत ती कशाबद्दल बोलतात ते याला कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागल्यावर त्याला फ्रँकफर्टहून मुंबईला आणायची जबाबदारी माझ्यावर आली. ताई आधीच पुढे गेली होती. वाईला आमची आजी, म्हणजे त्याची पणजी, जून महिन्यात गेली. तो तिला मोठी आजी म्हणायचा. दर सुट्टीत महिनाभर तिच्या मागेमागे फिरायचा. शेवटचं वर्षभर तिला कुणाचीच नावं आठवत नव्हती. व्हिडिओ कॉलवर ती याच्याकडे बघून गोड हसायची आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईला विचारायची, "हे कुणाचं पोरगं?" त्यानंतर हा कॉलवर यायला टाळाटाळ करू लागला. ती गेल्याचं त्याला सांगितलं, पण "देवाघरी गेली" एवढंच. तो "ओके" म्हणाला. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

निघायच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला. "टॅबवर पिक्चर टाकून ठेव. आणि हे बघ, रडवणारं काही नको. मी तिथे नसणार."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्यासारख्यांना भीती वाटली की आम्ही एक्सेल उघडतो. मीही उघडलं. रकाने केले: रक्त, शिव्या, चुंबन, विमान अपघात, मृत्यू. आणि यादी भरता भरता एक प्रश्न पडला, त्यात माझी अर्धी रात्र गेली. मुलानं काय बघावं याच्या या रेघा मुळात आखल्या कुणी? आणि १२ वरच का?

छाती फाडणारा हात

जर्मनीतले रंग एफएसके नावाची संस्था ठरवते. ती १९४९ पासून हे काम करतेय आणि तिचं कार्यालय वीसबाडेन या शहरात आहे. पण 'लहान मूल' आणि 'मोठं माणूस' यांच्या मधल्या वयाला स्वतःचा खण देण्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेत घडली, आणि तिच्या मध्यभागी आपला अमरीश पुरी आहे.

वर्ष १९८४. स्टीव्हन स्पीलबर्गचा 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' मे महिन्यात लागला. कथा भारतात घडते, पण भारतात चित्रीकरणाची परवानगी जुळली नाही म्हणून बराच भाग श्रीलंकेत चित्रित झाला. चित्रपटात मोलाराम नावाचा मुंडन केलेला पुजारी एका जिवंत माणसाच्या छातीत हात घालून धडधडतं हृदय बाहेर काढतो. हा मोलाराम म्हणजे अमरीश पुरी. 'मिस्टर इंडिया'मधला मोगँबो व्हायला अजून ३ वर्षं होती. त्याआधी सत्यदेव दुब्यांसोबत त्यांनी रंगभूमी गाजवली होती आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे'च्या मराठी चित्रपटातही काम केलं होतं.

अमेरिकेत १९६८ पासून चित्रपटांना वयानुसार अक्षरं दिली जात होती. 'टेंपल ऑफ डूम'ला मिळालं पीजी, म्हणजे पालकांनी जरा लक्ष ठेवावं, बाकी मुलांना आडकाठी नाही. पुढचं अक्षर होतं आर, म्हणजे १७ वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाशिवाय यायचंच नाही. मध्ये काहीच नव्हतं. त्यामुळे सात-आठ वर्षांची पोरं घेऊन गेलेल्या आईबापांनी ते हृदय बघितलं आणि आरडाओरडा सुरू झाला. दोन आठवड्यांनी 'ग्रेमलिन्स' आला, त्याचाही निर्माता स्पीलबर्गच. त्यात एक गृहिणी एका राक्षसाला मिक्सरमध्ये आणि एकाला मायक्रोवेव्हमध्ये संपवते. त्यालाही पीजी होतं.

तेव्हा स्पीलबर्गनं स्वतःच अमेरिकी चित्रपट संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांना सुचवलं की पीजी आणि आर यांच्या मध्ये एक पायरी करा. १ जुलै १९८४ ला पीजी-१३ सुरू झालं. म्हणजे चित्रपट लागल्यापासून सहा आठवड्यांच्या आत. ऑगस्टमध्ये 'रेड डॉन' हा त्या शिक्क्यासह प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट ठरला. एवढ्या झटपट जगातला कुठलाही सरकारी नियम बदलत नाही. पण हा सरकारी नव्हताच. अमेरिकेत हे शिक्के चित्रपट व्यवसायच देतो. सरकारनं हात घालू नये म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला घातलेली ही वेसण आहे.

गंमत म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या एक वर्ष पुढे होतो.

आपली रेघ

भारतात चित्रपट तपासायचा पहिला कायदा १९१८ चा. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे मंडळं बसली. त्या काळच्या साहेबाला मुलांपेक्षा स्वतःच्या राज्याची काळजी जास्त होती. वयाची भानगड आली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या दुरुस्तीनं 'यू' आणि 'ए' असे दोन खण झाले, सगळ्यांसाठी आणि फक्त प्रौढांसाठी. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानं तेच पुढे चालवलं. तीसेक वर्षं भारतातलं मूल १८ वर्षांचं होईपर्यंत कायद्याच्या दृष्टीनं एकाच वयाचं होतं. चार वर्षांचं बाळ आणि मिशी फुटलेला मुलगा एकाच रांगेत.

१९८३ मध्ये 'यूए' आलं. कुणीही बघावं, पण १२ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करावा. त्याच सुमारास 'सेन्सॉर बोर्ड' जाऊन 'प्रमाणन मंडळ' हे नाव आलं, जरी आपण सगळे अजूनही सेन्सॉरच म्हणतो. माझ्या लहानपणी थिएटरच्या पडद्यावर ते प्रमाणपत्र झळकलं की बाबा घड्याळ बघायचे आणि आम्ही पोरं रिळांची संख्या वाचायचो. यूए म्हणजे नेमकं काय हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

ब्रिटनमध्ये १२ चा शिक्का १९८९ मध्ये टिम बर्टनच्या 'बॅटमॅन'पासून सुरू झाला. तिथे तो सल्ला नव्हता, बंदी होती. १२ पूर्ण नसतील तर थिएटरात प्रवेश नाही. २००२ मध्ये 'स्पायडर-मॅन'ला १२ मिळालं आणि दाराबाहेर रडणारी नऊ-दहा वर्षांची पोरं उभी राहिली. काही नगरपालिकांनी आपल्या अधिकारात तो शिक्का झुगारून दिला. त्याच उन्हाळ्यात '१२ए' आलं: मोठं माणूस सोबत असेल तर चालेल. जर्मनीनंही २००३ पासून हिरव्या चित्रपटांना आई-वडिलांसोबत आलेल्या ६ वर्षांवरच्या मुलांना थिएटरात सोडायला सुरुवात केली.

भारतात २०२३ च्या दुरुस्तीनं यूएचे तीन तुकडे केले: ७+, १३+ आणि १६+. म्हणजे आपली १२ ची रेघ सरकून १३ वर गेली. हे वाचून मी भाच्याचा हिशोब केला. फ्रँकफर्टला विमानात चढताना तो रेघेपासून ८ महिने लांब होता, मुंबईला उतरताना १ वर्ष ८ महिने लांब असणार होता. आठ तासांच्या प्रवासात पोरगं एका वर्षानं लहान होणार. हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

त्याला डायनासोर आवडतात, म्हणून 'जुरासिक पार्क'चं उदाहरण घेतो. १९९३ चा हा चित्रपट अमेरिकेत पीजी-१३, जर्मनीत १२, ब्रिटनमध्ये पीजी. तोच डायनासोर, तेच दात. लंडनचं मूल पीजीच्या भरवशावर बघू शकतं आणि फ्रँकफर्टचं मूल वाढदिवसाची वाट बघतं. १२ आणि १३ मध्ये मुलाच्या डोक्यात काय बदलतं हे मोजून कुणी या रेघा मारलेल्या नाहीत. कुठे दोन चित्रपटांवरून झालेला गदारोळ, कुठे दाराबाहेरची रडणारी पोरं, कुठे जुन्या कायद्यातला आकडा. आमच्या कामात कोडमध्ये असे आकडे सापडतात. कुणीतरी घाईच्या रात्री १२ टाकलेले असतात, नंतर ते हलवायची कुणाची छाती होत नाही.

आकाशातला एकच पडदा

हे झालं जमिनीवरचं. विमानाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिची सुरुवातच डायनासोरपासून होते.

त्याआधी ऑगस्ट १९२१ मध्ये शिकागोवर घिरट्या घालणाऱ्या एका विमानात 'हाउडी शिकागो' नावाचा जाहिरातपट दाखवला गेला होता. पण प्रवाशांनी आकाशात बघितलेला पहिला मोठा कथापट म्हणून नाव घेतलं जातं ते 'द लॉस्ट वर्ल्ड'चं. एप्रिल १९२५ मध्ये इंपीरियल एअरवेजच्या लंडनच्या विमानात तो दाखवला गेला. कॉनन डॉयलच्या कादंबरीवरचा मूकपट, आणि त्यातले डायनासोर विलिस ओब्रायननं बाहुल्या इंच इंच हलवून चालवलेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. विमान लाकूड-कापडाचं. आज आपण विमानात पॉवर बँक कुठल्या बॅगेत ठेवायची यावरून वाद घालतो!

नियमित चित्रपट सुरू झाले १९६१ मध्ये. अमेरिकेतल्या मेम्फिसचा एक थिएटरमालक, डेव्हिड फ्लेक्सर, लांबच्या विमानप्रवासाला कंटाळला आणि त्यानं विमानाच्या छताला बसेल असा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर तयार करवून घेतला. १९ जुलै १९६१ ला टीडब्ल्यूए कंपनीच्या न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस विमानात, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना 'बाय लव्ह पझेस्ड' दाखवला गेला. आवाज ऐकायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ नळ्या असत, एक टोक खुर्चीच्या हातात आणि दुसरं तुमच्या कानात.

यातून एक नवी अडचण जन्माला आली. थिएटरात चित्रपट आवडला नाही तर उठून जाता येतं, मुलाला बाहेर नेता येतं. ३०,००० फुटांवर कुठे नेणार? पडदा एकच, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कानातली नळी काढली तरी चित्र दिसतंच. त्यामुळे जमिनीवरच्या कुठल्याही शिक्क्यानं भागेना. विमान कंपन्यांसाठी चित्रपटांच्या वेगळ्या, कापलेल्या आवृत्त्या बनू लागल्या. शिव्या गेल्या, नग्नता गेली, आणि अर्थातच विमान अपघात गेले.

या कापाकापीचे किस्से मजेशीर आहेत. १९८८ च्या 'रेन मॅन'मध्ये डस्टिन हॉफमनचं पात्र विमानात बसायला नकार देतं आणि एकेका कंपनीचे अपघात पाठ म्हणून दाखवतं. बहुतेक विमान कंपन्यांनी तो प्रसंग उडवला. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासनं मात्र ठेवला, कारण त्यात तो म्हणतो की क्वांटासचं विमान कधी पडलंच नाही. २००६ च्या 'द क्वीन'ची विमानातली आवृत्ती त्याहून भारी. अपशब्द काढायला सांगितलेल्या एका नव्या कर्मचाऱ्यानं 'गॉड' हा शब्द जिथे जिथे येईल तिथे तिथे बीप टाकला. इंग्लंडच्या राणीवरचा चित्रपट आणि त्यात देवाचं नाव घ्यायला बंदी! त्या कर्मचाऱ्याला मी समजू शकतो. त्यानं सांगितलेलं काम चोख केलं होतं. फक्त तो वाक्य ऐकत नव्हता, शब्द शोधत होता.

२००७ मध्ये अमेरिकेच्या संसदेत हीथ शुलर या खासदारानं एक विधेयक मांडलं: हिंसक चित्रपट चालू असतील तर मुलांसाठी पडदे न दिसणारा वेगळा भाग विमानात ठेवा. ते मंजूर झालं नाही. तोवर तंत्रज्ञानानं प्रश्न अर्धा सोडवलाच होता. १९८८ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीच्या विमानात खुर्चीच्या पाठीवर २.७ इंचांचे पडदे आले होते, म्हणजे आजच्या फोनच्या निम्मेसुद्धा नाहीत. नव्वदच्या दशकात ते पसरले. प्रत्येकाचा पडदा वेगळा झाल्यावर कात्री थांबायला हवी होती, पण सवय गेली नाही. २०१९ मध्ये 'बुकस्मार्ट' या चित्रपटातली दोन मुलींमधली प्रेमाची दृश्यं विमानात गायब झाल्यावर दिग्दर्शिका ऑलिव्हिया वाइल्डनं जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

ज्याचा रकाना नाही

पहाटे दोनला माझ्या यादीत ४० चित्रपट होते आणि 'मृत्यू' या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'हो'. 'बांबी'मध्ये हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीनं मरते, १९४२ पासून मुलं ते बघतायत. 'द लायन किंग'मध्ये सिंहाचं पिल्लू मेलेल्या बापाला उठवायला बघतं. आणि 'कोको'. २०१७ चा पिक्सारचा चित्रपट. मेक्सिकोतला १२ वर्षांचा मुलगा मेलेल्या पूर्वजांच्या जगात जातो. त्याची पणजी सगळं विसरत चालली आहे. तिच्या आठवणीतून नाव पुसलं की मेलेला माणूस दुसऱ्यांदा, कायमचा मरतो.

जर्मनीत 'कोको'ला पांढरा स्टिकर आहे, सगळ्यांसाठी. नियमाच्या हिशोबानं रक्त नाही, शिवी नाही, म्हणजे धोका नाही. माझ्या हिशोबानं त्या यादीतला सगळ्यात धोकादायक चित्रपट तोच होता. मी तो लाल केला.

मग मला 'श्यामची आई' आठवली. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारांत पहिलं सुवर्णकमळ मिळवणारा. तो आम्हाला शाळेत मुद्दाम दाखवला होता. वर्गातली सगळी मुलं रडली आणि बाई समाधानानं बघत होत्या. आई मरते हे मुलांपासून लपवायचं नसतं, उलट सगळ्यांनी मिळून त्यावर रडायचं असतं, असं त्या पिढीला वाटत असावं. त्यात उपदेशाचा डोस जास्त होता हे खरं, पण तिथे रडायला परवानगी होती. मी एक्सेलमध्ये नेमकी तीच काढून घेत होतो.

आणि 'किल्ला' आठवला. अविनाश अरुणचा चित्रपट, ११ वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आईची बदली कोकणात. फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. हे पारितोषिक मोठी माणसं देत नाहीत. ११ ते १४ वयाची ११ मुलं परीक्षक असतात. शंभर वर्षं मुलांनी काय बघावं हे मोठ्यांनी ठरवलं. जिथे मुलांना विचारलं, तिथे त्यांनी निवडला तो वडील गेलेल्या, फारसं न बोलणाऱ्या एका मराठी मुलाचा चित्रपट. भाषाही त्यांना येत नव्हती.

हे सगळं कळूनसुद्धा मी 'कोको' लालच ठेवला. टॅबवर सात चित्रपट घातले, सगळे हसरे.

विमानात

विमान उडालं. त्यानं टॅबकडे एकदा बघितलं आणि समोरचा पडदा सुरू केला. त्यात शेकडो चित्रपट होते आणि रंगीत स्टिकर कुठेच नव्हते. माझी सात चित्रपटांची यादी दहा मिनिटांत निकामी झाली.

"मामा, विमान थिएटरमध्ये धरतात का?"

"का रे?"

"नाही, थिएटरमध्ये ग्रीन चालतं ना, मोठ्यांबरोबर."

"आई-बाबांबरोबर. मामाबरोबर त्यांनी सोपवलं असेल तरच."

त्यानं खांदे उडवले आणि हेडफोन घातले. मला वाटलं, आता 'जुरासिक पार्क' शोधणार. जेवणाचे ट्रे गेले, दिवे मंद झाले. मी थोडा वेळ झोपलो. जाग आली तेव्हा त्याच्या पडद्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा पूल होता.

हात पुढे करून बंद करावं असं वाटलं. केलं नाही. तो ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढून बघत होता. शेवटाकडे, मुलगा पणजीसमोर गिटार घेऊन बसतो तिथे, त्याचे खांदे हलायला लागले. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. खिडकी बंद होती.

चित्रपट संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हेडफोन काढून म्हणाला, "मोठ्या आजीला मी आठवत नव्हतो ना?"

मी "तसं नाही रे" म्हणणार होतो. तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, "नाही. शेवटी नव्हता आठवत. मीपण नव्हतो आठवत."

"तू पण?"

"मला ती गॅसवाला समजायची."

तो हसला. नाक ब्लँकेटला पुसलं. मग विचारलं, "तिचा फोटो लावलाय का वाईला?"

मला माहीत नव्हतं. मी सांगितलं, उतरल्यावर आईला विचारू. तो म्हणाला, लावला नसेल तर त्याच्याकडे एक आहे. गेल्या वर्षीचा, तिनं त्याचा गॉगल घातलेला. तो त्यानं टॅबवर काढून दाखवला. माझ्या सात चित्रपटांच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये होता.

तो फोटो आता वाईच्या घरी फ्रेम करून लावलाय. वर चंदनाचा हार, डोळ्यांवर निळा गॉगल. येणारे पाहुणे जरा दचकतात.